सहजांक

सोलापूरच्या मयूरबन कलासंकुलात मेकअप रूमकडे जाणारा पॅसेज अठरा मीटर लांब होता. त्याच्या टोकाला दोन सरकते दरवाजे होते. डावीकडचा पुरुषांच्या मेकअप रूमचा, उजवीकडचा स्त्रियांच्या. तिथे पहारेकरी नव्हता, पाटी नव्हती, कुणी काही विचारत नव्हतं. माणूस पॅसेजमधून चालत आला की फरशीखालची यंत्रणा त्याची चाल वाचायची आणि दोनपैकी एक दरवाजा आपोआप उघडायचा.

२०४१च्या जानेवारीत, समूहनृत्य महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी अडीच वाजता मृण्मयी देवकर आपल्या अकरा विद्यार्थिनींना घेऊन तिथे आल्या. लातूरला त्यांचा कथकचा वर्ग होता. वय तेहतीस. जन्मदाखल्यावर त्यांची पहिली नोंद मुलगा अशी झाली होती. ती बदलून घेतल्याला बारा वर्षं उलटली होती आणि वर्गातल्या बहुतेक मुलींना ते माहीतही नव्हतं. एकेकीने चालायचं, असा नियम होता. सहा मुली गेल्या, सहा वेळा उजवा दरवाजा उघडला आणि मिटला. मग मृण्मयी चालल्या. पाच मुली मागे उभ्या होत्या. डावा दरवाजा उघडला.

संकुलाची व्यवस्थापक तृप्ती होनराव पॅसेजच्या टोकाशी स्वागताला उभी होती. ती लगेच पुढे झाली आणि म्हणाली की यंत्राची चूक आहे, माझ्या कार्डाने उजवा दरवाजा उघडून देते. मृण्मयींनी हातानेच तिला थांबवलं. त्या मागे गेल्या आणि पुन्हा चालत आल्या. पुन्हा डावा दरवाजा उघडला. मागच्या मुलींमध्ये कुजबुज सुरू झाली.

तिसऱ्या वेळी मृण्मयींनी साडीचा पदर सारखा केला, क्षणभर थांबल्या आणि नायिकेच्या चालीने आल्या. पाण्याला निघालेली बाई, कमरेवर घागर, नजर खाली. अठरा मीटर, एकही पाऊल लयीबाहेर नाही. उजवा दरवाजा उघडला. त्या आत गेल्या नाहीत.

"हा नायिकेला उघडला," त्या तृप्तीला म्हणाल्या. "मी अजून बाहेरच आहे."

त्यांनी बसमध्ये कपडे बदलले. चार वाजता त्यांचा कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू झाला आणि चांगला झाला. साडेपाचला बस लातूरला परत निघाली. अभिप्रायाचा कागद त्यांनी कोरा परत दिला.

ही यंत्रणा तृप्तीनेच सुचवली होती.

तीन वर्षांपूर्वी याच पॅसेजमध्ये एका कलावंताला पहारेकऱ्याने अडवलं होतं, ओळखपत्र मागितलं होतं आणि चारचौघांत नको ते प्रश्न विचारले होते. संकुल चालवणाऱ्या न्यासाने माफी मागितली. विश्वस्तांच्या बैठकीत अध्यक्ष अण्णाराव बिराजदार म्हणाले की आपल्याकडे कुठल्याही लिंगाचा माणूस मोकळेपणाने आला पाहिजे, पण मेकअप रूममध्ये मुली असतात, त्यांचीही जबाबदारी आपल्यावरच आहे. यावर तृप्तीने मिरजेच्या एका संशोधन केंद्राचं नाव काढलं. तिथे चालीवरून माणूस ओळखणारी फरशी तयार झाली होती. माणसाने माणसाला प्रश्न विचारण्यापेक्षा यंत्राने न बोलता दार उघडलेलं बरं, असं तिचं म्हणणं होतं. ते सगळ्यांना पटलं. तीनेक महिन्यांत संकुलभर फरशी बसली. पॅसेज, जिने, प्रेक्षागृहातले मार्ग, स्वच्छतागृहांसमोरची जागा, रंगमंच, फाटकांपर्यंतचं आवार, सगळीकडे. यंत्रणेचं नाव ठेवलं 'पदवेध'.

महोत्सव संपल्यावर तृप्तीने मिरजेहून डॉ. फरहाना मुजावर यांना बोलावून घेतलं. पदवेध त्यांनी बनवला होता. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई. तृप्तीने झालेला प्रकार सांगितला. मुजावर फरशीकडे बघत उभ्या राहिल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. अंधारात माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा दिवे लावले आणि फक्त दिवेच दिसू दिले, तरी बघणारा बऱ्याचदा सांगू शकतो की चालणारा पुरुष आहे की स्त्री. टाचेवर भार किती, कंबर किती फिरते, पाऊल केवढं पडतं, यावरून ते कळतं. पदवेध हेच दाबाच्या नोंदीवरून करतो आणि रस्त्यावरच्या लोकांच्या बाबतीत शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा तो बरोबर असतो. मात्र चाल ही थोडी हाडांची असते आणि थोडी सवयीची. किती कशाची, हे यंत्राला वेगळं काढता येत नाही.

"आणि तुम्ही ते अशा घरात बसवलंत," मुजावर म्हणाल्या, "जिथे येणाऱ्या प्रत्येकाने दहा-दहा वर्षं फक्त चाल बदलायचं शिक्षण घेतलंय. ती चूक माझीही आहे. मी विचारायला हवं होतं."

तृप्तीने विचारलं की मग ही फरशी उखडून टाकायची का. मुजावर म्हणाल्या, हिला आणखी एक गोष्ट कळते. ती आम्ही विकताना सांगत नाही, कारण ती कुणाला विकत नको असते.

ती गोष्ट अशी. कुठलाही माणूस चालताना दोन पावलांमधला वेळ प्रत्येक वेळी किंचित बदलतो, सेकंदाच्या शंभराव्या भागाने कमी-जास्त. हे बदल वाटतात तसे मनमानी नसतात. आत्ताच्या पावलातला फरक शंभर पावलांपूर्वीच्या फरकाशी बारीक धाग्याने जोडलेला असतो. निरोगी माणूस आपल्याच नादात चालतो तेव्हा या धाग्यांची एक सैल वीण दिसते. पण त्याला सांगा, नीट चाल, लोक बघतायत, की पावलं एकसारखी होतात आणि ती वीण मोडते. चालणं शरीराकडून मनाकडे गेलेलं असतं. या विणीला मोजून मुजावरांनी शून्य ते शंभर असा एक आकडा तयार केला होता. त्याला त्या सहजांक म्हणत. आपल्या घरात, ओळखीच्या रस्त्यावर लोकांचा सहजांक सत्तरच्या आसपास असतो. पोलीस चौकीसमोर तो चाळीसवर येतो.

"एक लक्षात ठेवा," त्या निघताना म्हणाल्या. "एका माणसाचा सहजांक काहीही सांगत नाही. त्याची चप्पल नवी असेल, गुडघा दुखत असेल, घरी भांडण झालं असेल. एकाच जागी हजार माणसांचा कमी येत असेल तर ती जागा काहीतरी सांगत असते. माणूस वाचू नका. जागा वाचा."

त्यांनी तृप्तीच्या संगणकावर जुन्या नोंदींमधून नकाशा काढायची सोय करून दिली. संकुलाचा आराखडा पडद्यावर आला. जिथे लोक सहज चालत होते तिथे हिरवा रंग, जिथे सावरून चालत होते तिथे तांबडा.

दोन दरवाजांचा पॅसेज लालभडक होता. ते अपेक्षितच होतं. पण लाल तेवढ्यावर थांबत नव्हता. स्वच्छतागृहांसमोरची जागा लाल होती. प्रवेशदाराशी अंगझडतीसाठी स्त्री-पुरुषांच्या दोन रांगा लागायच्या, तिथे लाल होता. सेटचे ट्रक जिथे उभे राहत त्या मागच्या फाटकापाशी नृत्य करणाऱ्या मुलींच्या पावलांची वीण पार मोडून गेलेली होती. विश्वस्तांच्या दालनासमोर नृत्य करणारे मुलगे ताठ व्हायचे. ज्या मेकअप रूममध्ये मुलींनी सुरक्षित असावं म्हणून एवढा खटाटोप केला, तिच्या आतही लाल डाग होता, कारण तीस जणी एकाच खोलीत एकमेकींसमोर कपडे बदलत होत्या. हिरवा रंग सलग असा एकाच ठिकाणी होता, रंगमंचावर, जिथे वर्षानुवर्षांच्या सरावाने पावलं पुन्हा शरीराकडे गेलेली होती.

तृप्ती दोन दिवस नकाशा बघत राहिली. यातून संकुल कसं बदलायचं याची तिला कल्पना यायला लागली होती. इथवर तिने काही चुकीचं केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने कर्मचाऱ्यांच्या नोंदी उघडल्या. बाहेरचे लोक एकदोनदा येतात, कर्मचारी रोज येतात, म्हणून त्यांच्या नोंदी जास्त भरवशाच्या, असं तिने स्वतःला सांगितलं. नोंदींना नावं नव्हती, क्रमांक होते. एकवीस कर्मचारी. वीस जणांच्या रेषा वरखाली होत होत्या. सात क्रमांकाची रेषा खालीच होती. हा माणूस संकुलात कुठेही सहज चालत नव्हता. कचेरीत नाही, जिन्यावर नाही, चहाच्या टपरीपाशी नाही. फक्त मंगळवारी सकाळी दहा ते अकरा, रंगमंच रिकामा असताना, त्याचा सहजांक एकाएकी ऐंशीच्या वर जायचा. तास संपला की पुन्हा तिशीत.

मंगळवारी सकाळी दहा वाजता रंगमंचावर एकच माणूस असायचा. दिवे तपासायला आलेला केदार. तृप्तीचा धाकटा भाऊ.

केदार होनराव अडतीस वर्षांचा होता आणि अकरा वर्षं मयूरबनमध्ये प्रकाशयोजना करत होता. कमी बोलणारा, वेळेचा पक्का, कामात वाकबगार. बाहेरगावचे नृत्यदिग्दर्शक तारीख ठरवताना आधी विचारायचे, दिवे केदारचेच ना? आई गेल्यापासून 'जुळे सोलापूर' भागातल्या फ्लॅटमध्ये भाऊ-बहीण एकत्र राहत होती. सकाळचा चहा तो करायचा, पोळ्या ती करायची. लहानपणी दोघं एकाच बाईंकडे नाच शिकायला जायची. केदार तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आणि तिच्यापेक्षा कितीतरी चांगला. तो तेरा वर्षांचा झाल्यावर वडिलांनी त्याचा क्लास बंद केला. त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही. त्याने लग्न केलं नाही, त्यावरही झाली नाही.

मुजावरांनी काय सांगितलं होतं ते तृप्ती विसरली नव्हती. तरी तिने सात क्रमांकाची नोंद पुन्हा उघडली. मग रोज उघडायला लागली. तो कुणाशी बोलताना थांबला, कुणापासून दूर सरकला, कोणत्या पोशाखाच्या तालमीला विंगेत किती वेळ उभा राहिला, हे सगळं फरशीला माहीत होतं. जेवताना ती त्याच्याकडे बघायची आणि दुपारी पडद्यावर पाहिलेल्या रेषेशी त्याचा चेहरा जुळवायची. तिच्या मनात हळूहळू एक पूर्ण गोष्ट तयार झाली. आपल्या भावाबद्दल आपल्याला आता खरं काय ते कळलंय आणि त्याने ते सांगितलं की आपण त्याला नीट सांभाळून घेऊ, असं तिला वाटत होतं. ती त्याच्याशी जास्त मऊ बोलायला लागली. त्याच्या आवडीचं करून घालायला लागली. केदारने एकदा विचारलंही, तुला बरं नाही का.

देहमाहिती कायद्यात एक कलम होतं. एखाद्याच्या शरीराची नोंद कुणी उघडली, तर महिन्याच्या आत त्या माणसाला त्याची सूचना गेली पाहिजे. तृप्तीने पदवेधच्या करारावर सही करताना ते वाचलं होतं.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी केदारने चहाचे कप टेबलावर ठेवले आणि आपला फोन तिच्यासमोर सरकवला. पडद्यावर चार ओळी होत्या. आपली चाल-नोंद गेल्या तीस दिवसांत त्रेसष्ट वेळा उघडण्यात आली. उघडणारी व्यक्ती, तृप्ती होनराव, व्यवस्थापक.

तिने आधी नकाशाचं सांगितलं, मग मृण्मयी देवकरांचं, मग संकुल सगळ्यांसाठी मोकळं करायचंय हे सांगितलं. केदारने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की तुझी काळजी वाटली म्हणून बघत होते.

"तू मला विचारायचं होतंस, ताई."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नाही," केदार म्हणाला. "पण मग ते न सांगणं माझं असतं."

त्याने कप उचलून सिंकमध्ये ठेवले. चहा कुणीच प्यायलेला नव्हता.

"त्या देवकरबाईंच्या निदान समोर दरवाजा उघडला," तो म्हणाला. "त्यांना कळलं तरी, काय चाललंय. तू तर मला पत्ता न लागू देता आत शिरलीस."

त्या आठवड्यात त्याने राजीनामा दिला. कोल्हापूरच्या एका फिरत्या नृत्यसंस्थेने त्याला कधीपासून बोलावलं होतं. सामान फार नव्हतं. तृप्तीने त्याला स्टँडवर सोडलं. बसमध्ये चढताना त्याने तिला गॅसचं बुकिंग कुठल्या नंबरवरून करायचं ते सांगितलं.

यानंतर तृप्तीने तीन गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे ती लातूरला गेली. सोबत नकाशा किंवा आकडे काही नेले नाहीत. मृण्मयी देवकरांचा वर्ग एका शाळेच्या गच्चीवरच्या खोलीत भरत होता. तृप्तीने माफी मागितली आणि विचारलं की मयूरबन कसं असतं तर तुम्ही पुन्हा आला असता. मृण्मयींनी वर्ग संपेपर्यंत तिला बसवून ठेवलं. मग म्हणाल्या की मला माझ्यासाठी वेगळा दरवाजा नको, तिसरा दरवाजा तर मुळीच नको. लहान खोली द्या, आतून कडी लागणारी. बाहेर बाई-पुरुष काही लिहू नका, नुसता नंबर घाला. आणि अंगझडती कुणी करायची ते ज्याची करायची त्याला विचारा. तृप्ती लिहून घेत होती. मृण्मयी पुढे म्हणाल्या, आणि हे सगळं झालं की उद्घाटनाला मला बोलावू नका.

दुसरी गोष्ट तिने विश्वस्तांच्या बैठकीच्या दिवशी दुपारी केली. पदवेधमध्ये कुठली चाल, कुठला क्रमांक, कुठलं नाव आणि पुरुष की स्त्री, यांची सांगड घालणारा एक तक्ता होता. तो पुसला की फरशीला पावलं कळणार होती, पण कुणाची, पुरुषाची की स्त्रीची, ते कधीच कळणार नव्हतं. पुसलेला तक्ता परत आणता येत नाही, तेव्हा न्यासाची लेखी परवानगी घ्या, असं मुजावरांनी फोनवर बजावलं होतं. तृप्तीने परवानगी घेतली नाही. विचारलं असतं तर चर्चा झाली असती, समिती नेमली गेली असती आणि समितीने तक्ता आधी उघडून पाहिला असता. एक वाजून दहा मिनिटांनी तिने तो पुसला. त्याच क्षणी दोन्ही सरकते दरवाजे कायमचे उघडे राहिले, कारण यंत्राला आता कुणासाठी काही ठरवता येत नव्हतं.

तिसरी गोष्ट म्हणजे चार वाजता बैठकीत तिने हे सगळं स्वतःहून सांगितलं. भावाच्या नोंदीचंही सांगितलं. त्याची रेषा काय दाखवत होती ते मात्र सांगितलं नाही. आपण ती त्रेसष्ट वेळा पाहिली, एवढंच.

अण्णाराव बिराजदार सत्तरीला आले होते. सुताच्या धंद्यातून वर आलेले, हे संकुल त्यांनी उभं केलेलं. ते भडकले नाहीत, पण त्यांचा आवाज बारीक झाला. म्हणाले, तू न्यासाची मालमत्ता आम्हाला न विचारता नष्ट केलीस. तृप्तीने मान्य केलं. मग त्यांनी त्यांना खरोखर सतावणारा प्रश्न विचारला. लोक विश्वासाने मुली पाठवतात. दरवाजे उघडे टाकलेस, आता त्यांच्या आईबापांना मी काय सांगू?

तृप्तीने नकाशा भिंतीवर दाखवला. त्यात आता नुसते रंग होते. तिने मागच्या फाटकावर बोट ठेवलं, मग मुलींच्या मेकअप रूमवर. सांगितलं की अण्णा, दरवाजे बंद होते तेव्हाही मुली इथे भिऊनच चालत होत्या. त्यांना भीती ट्रक घेऊन येणाऱ्यांच्या नजरेची होती आणि तीस जणींत कपडे बदलण्याची होती. कडीच्या खोल्या केल्या तर त्या त्यांच्याही कामाच्या आहेत.

बिराजदार उठून भिंतीजवळ गेले. चष्मा काढून त्यांनी बराच वेळ नकाशा पाहिला.

"म्हणजे एवढं बांधलं आपण," ते म्हणाले, "आणि मोकळं कुणीच चालत नाही?"

"स्टेजवर चालतात, अण्णा."

ते परत येऊन खुर्चीवर बसले आणि बाकीच्यांना म्हणाले की आता कुणाला काही बोलायचंय का. दोघे विश्वस्त बोलले, एक बाजूने, एक विरुद्ध. बैठक साडेसहाला संपली. तृप्तीला व्यवस्थापकपदावरून दूर केलं गेलं. परवानगीशिवाय तक्ता पुसल्याबद्दल नव्हे, अधिकार नसताना नोंदी पाहिल्याबद्दल. तिला कार्यक्रम-समन्वयक म्हणून ठेवून घेतलं, कारण इमारतीतल्या कुठल्या खोलीचं कुलूप कुठल्या किल्लीने उघडतं हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. बदलांना मंजुरी मिळाली.

उन्हाळ्यात काम झालं. दोन मोठ्या मेकअप रूमच्या जागी बावीस लहान खोल्या झाल्या, एक ते बावीस नंबरच्या, आतून कडी असलेल्या. एकत्र बसून मेकअप करायचा असेल त्यांच्यासाठी मधला भाग मोकळा ठेवला. स्वच्छतागृहांचे जमिनीपासून छतापर्यंत भिंती असलेले स्वतंत्र कप्पे केले आणि हात धुवायची जागा सगळ्यांना एकच. अंगझडतीची रांग एकच झाली. आपली झडती कुणी घ्यावी हे येणाऱ्याने सांगायचं. सेटच्या ट्रकना दुसरीकडून वाट काढून दिली. पहिले काही महिने तक्रारी आल्या. एका पालकसंघटनेने पत्र लिहिलं, एका नृत्यसंस्थेने तारीख रद्द केली आणि पुढच्या वर्षी पुन्हा घेतली. वर्षाअखेर मुजावर येऊन नकाशा पाहून गेल्या. पॅसेज हिरवा झाला होता. स्वच्छतागृहांसमोर फिकट पिवळा होता. विश्वस्तांच्या दालनासमोर लाल तसाच होता. त्यावर बिराजदारांनी काय करावं याबद्दल मुजावरांना काही सुचवता आलं नाही.

मृण्मयी देवकर २०४३च्या महोत्सवाला आल्या. त्यांनी चार नंबरची खोली घेतली. जाताना अभिप्रायाच्या कागदावर लिहिलं की आरशावरचा दिवा पिवळा आहे, त्यात रंगभूषेचा अंदाज येत नाही, पांढरा लावावा. तृप्तीने दुसऱ्या दिवशी बावीसही खोल्यांचे दिवे बदलून घेतले.

केदार या काळात तीन वेळा सोलापूरला येऊन गेला. दोनदा संस्थेबरोबर, तेव्हा तो हॉटेलात उतरला. एकदा चुलत बहिणीच्या लग्नाला, तेव्हा दोघं एकाच पंगतीला बसली आणि भाजीबद्दल बोलली. तृप्ती दर पंधरवड्याला त्याला फोन करायची. तो उचलायचा. तब्येतीची, कामाची, पावसापाण्याची चौकशी व्हायची. आणखी काही विचारायचं तिच्या ओठांवर यायचं आणि ती ते गिळायची. आधी हे तिला शिक्षेसारखं वाटायचं. पुढे त्याची सवय झाली आणि त्याच्याही पुढे असं झालं की केदारचा फोन चालू असताना ती खरोखरच फक्त तो जे सांगेल तेच ऐकत असायची.

२०४३च्या ऑगस्टमध्ये, एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला त्याने दाराची बेल वाजवली. येणार असल्याचं कळवलं नव्हतं. पाठीवर एक पिशवी होती. दोन दिवस राहतो म्हणाला. तृप्तीने उपमा केला. खाऊन झाल्यावर तो टेबलापाशीच बसून राहिला, ताटलीतली कोथिंबिरीची काडी इकडून तिकडे सरकवत.

"त्या नोंदींवरून तुला माझ्याबद्दल काय वाटलं होतं?" त्याने विचारलं. "सगळं सांग. वगळू नकोस."

तृप्तीने सांगितलं. तेरा वर्षांचा असताना बंद झालेल्या क्लासपासून मंगळवारच्या सकाळपर्यंत, तिने मनाशी जुळवलेली सगळी गोष्ट तिने त्याच्यासमोर मांडली. सांगताना तिला त्या गोष्टीची लाज वाटली, तरी ती थांबली नाही. केदारने मध्ये तिला एकदाही तोडलं नाही. तिचं संपल्यावर त्याला हसू आलं. त्याला असं मोकळं हसताना तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"निम्मं चुकलंय," तो म्हणाला.

कुठलं निम्मं, असं तिने विचारलं नाही. कचेरीतून फोन येत होता, तो तिने बंद करून उलटा ठेवला आणि खुर्ची त्याच्याकडे वळवून घेतली. केदारने पाणी पिऊन सुरुवातीपासून सांगायला घेतलं. दुपारचे दोन वाजून गेले तरी तो बोलत होता. काय बोलला, ते त्याने फक्त तृप्तीला सांगितलं, आपल्याला नाही.